शिडाच्या नौकेवरील संडास आणि मैलाटाकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शिडाच्या नौका बाळगणाऱ्या वाचकांकडून या सदराला जी पत्रे येतात, त्यांत इंजिनाच्या खालोखाल संडासाच्या तक्रारी असतात आणि त्यांतील बहुतेक पत्रलेखक आपले नाव छापू नये अशी विनंती करतात. ती मान्य करून येथे केवळ गावाचे नाव दिले आहे. उत्तरांमध्ये ‘संडास’ म्हणजे समुद्राचे पाणी ओढणारा, हातपंपाचा संडास असे समजावे. विजेवर चालणाऱ्या यंत्रणेचा संबंध जेथे येतो तेथे तसे वेगळे नमूद केले आहे.

प्रश्न (ॲनापोलिस, अमेरिका) : आमची ३४ फुटी नौका जुनी आहे. चेसापीक उपसागरात आम्ही शनिवार-रविवार जातो. मैलाटाकीत दर वेळी निळे औषध घालतो, तरीही केबिनचे दार उघडताच वास येतो. औषधाची मात्रा दुप्पट करून पाहिली, फरक पडला नाही. टाकीच बदलावी का?

उत्तर : टाकी बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी वास कोणता, कोठून आणि केव्हा येतो याचा शोध घ्यावा, कारण एकाच नौकेवर तीन निरनिराळ्या ठिकाणांहून तीन निरनिराळे वास येऊ शकतात आणि त्यांपैकी दोहोंचा टाकीतल्या औषधाशी काहीच संबंध नसतो.

पहिला वास आठवडाभर बंद राहिलेल्या नौकेवर पहिल्यांदा पंप मारताच येतो. तो सडक्या अंड्यासारखा असतो आणि पाच-दहा मिनिटांत विरतो. हा वास मैल्याचा नसून समुद्राच्या पाण्याचा असतो. पाणी आत आणणाऱ्या नळीत जे पाणी उरते त्यात सूक्ष्म वनस्पती, जीव आणि शेवाळाचे तुकडे असतात. बंद नळीत ते मरतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. चेसापीकमध्ये उन्हाळ्यात पाणी कोमट असते आणि जेलीफिश विपुल असतात, त्यामुळे तेथे ही क्रिया वेगाने होते. उपाय साधा आहे : नौका सोडून जाताना या नळीत गोडे पाणी भरून ठेवावे. त्यासाठी सर्वांत सोयीची रचना म्हणजे हात धुण्याच्या बेसिनचा निचरा संडासाच्या आत येणाऱ्या नळीला टी-जोडाने जोडणे. मग निघताना समुद्राकडील सी-कॉक (नौकेच्या तळातील भोकावरची तोटी) बंद करावा, बेसिन गोड्या पाण्याने भरावे आणि पंप मारावा; पंप बेसिनमधले पाणी ओढून घेतो आणि पंप, भांड्याची कडा व पुढची नळी सगळीच धुऊन निघते. मात्र पिण्याच्या पाण्याच्या दाबाच्या नळाला संडास थेट जोडण्याचा मोह कधीही करू नये; मग मैल्याचे पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात शिरण्यापासून केवळ एक व्हॉल्व्ह अडवत असतो. व्हॉल्व्ह किती चांगल्या प्रतीचा आहे यावर घरच्यांचे आरोग्य टांगून ठेवण्याचे काही कारण नाही.

दुसरा वास कायम असतो, मंद असतो आणि कपाटे, उशा, कपडे सगळ्यांत मुरतो. आपल्या पत्रातील वर्णन याच्याशी अधिक जुळते. यात दोष बहुधा नळ्यांचा असतो. मैला वाहून नेणारी रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी काही वर्षांनी वायूला पारगम्य होते, म्हणजे थेंबभरही गळती नसताना वास तिच्या भिंतीतून बाहेर झिरपतो. हे तपासण्यासाठी एक स्वच्छ फडके कढत पाण्यात भिजवून, पिळून, नळीच्या एका भागाला घट्ट गुंडाळावे. ते गार झाले की नौकेबाहेर नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर तो तुकडा निकामी झाला आहे असे समजावे. प्रत्येक तुकड्यासाठी नवे फडके घ्यावे आणि जेथे नळी खोलगट लोंबते, म्हणजे मैला तुंबून राहतो, तेथून सुरुवात करावी. नवी नळी घेताना ती मैल्यासाठी म्हणून बनवलेलीच घ्यावी. बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या, पंपाची वळ्यांची स्वस्त नळी काही महिन्यांत वास सोडू लागते. नळी बसवताना तिला उतार द्यावा, खोलगट जागा राहू देऊ नये आणि प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावावेत. नळीचे टोक जोडावर चढत नसेल तर ते कढत पाण्यात बुडवून मऊ करावे, ज्योतीने तापवू नये.

तिसरा वास टाकीचा. तो पंप मारताना डेकवर, टाकीच्या हवानळीच्या तोंडाशी येतो, कारण आत जितके पाणी जाते तितकीच हवा बाहेर पडते. टाकीत पुरेसा प्राणवायू असेल तर मैला कुजवणारे जिवाणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याला वास नसतो. प्राणवायू नसेल तर दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड व इतर घाण वायू तयार होतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो टाकीतील मैल्यावर पांघरुणासारखा पसरून राहतो आणि बाहेरून हवेची झुळूक आली नाही तर आत प्राणवायू पोहोचतच नाही. म्हणूनच हवानळी रुंद, आखूड आणि शक्य तितकी सरळ असावी. अनेक नौकांवर ती केवळ १६ मिलिमीटरची, चार वळणे घेत गेलेली आणि टोकाला बारीक जाळी बसवलेली असते. ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी केली आणि शक्य असल्यास नौकेच्या दोन्ही बाजूंना एकेक काढली, तर बहुतेक औषधांची गरज राहत नाही. वास अडवण्यासाठी हवानळीत कोळशाचा फिल्टर बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. तो फिल्टर हवेलाही अडवतो आणि नौका कलताना एकदा ओला झाला की पूर्ण बंद होतो, म्हणून तो मला पसंत नाही.

निळ्या औषधांविषयी मत विचारलेच आहे म्हणून सांगतो. फॉर्माल्डिहाइड असलेली औषधे जिवाणू सरसकट मारतात, वासावर काही दिवस सुगंध चढवतात आणि किनाऱ्यावरील मैलाशुद्धीकरणातले उपयोगी जिवाणूही बिघडवतात. औषध घालायचेच असेल तर नायट्रेटवर आधारित किंवा प्राणवायूवर जगणारे जिवाणू असलेले घ्यावे, पण आधी हवानळी सुधारावी. ब्लीच टाकीत घालू नये. त्याने रबर खराब होते आणि आम्लाशी किंवा मूत्रातील अमोनियाशी संयोग झाल्यास विषारी वायू निर्माण होतात.

एक इशारा येथेच देतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. टाकी उघडताना वास ‘गेला’ म्हणून कोणीही तिच्यात डोके घालू नये; केबिनच्या सर्व खिडक्या व दारे उघडी ठेवून, सोबतीला माणूस घेऊनच हे काम करावे.

प्रश्न (सदॅम्प्टन, इंग्लंड) : गेल्या हंगामापासून पंपाचा दांडा दिवसेंदिवस जड होत चालला आहे. माझ्या पत्नीला तो आता एका हाताने ओढवत नाही. स्वयंपाकाचे तेल भांड्यात ओतून पंप मारला की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. पंप नवा घ्यावा का?

उत्तर : जड दांडा हे लक्षण आहे, रोग पंपात असेलच असे नाही. प्रथम हे पाहावे की दांडा वर ओढताना जड लागतो की खाली दाबताना, आणि दोन्हीकडे जड असला तरी भांडे कोरडे असतानाही तो तसाच आहे का. बाहेर जाणारा मार्ग मोकळा असताना, पाणी नसतानाही दांडा घासत असेल तर दट्ट्याची ओ-रिंग कोरडी पडली आहे. पंप उघडून सिलिंडर पुसून त्याला सिलिकॉनचे किंवा टेफ्लॉनयुक्त ग्रीस लावावे, काम एक-दोन वर्षांचे होते. स्वयंपाकाचे तेल दोन दिवसांत वाहून जाते आणि कालांतराने पंपातले रबर फुगवते. पेट्रोलियम जेलीही त्याच कारणाने वापरू नये.

कोरडा दांडा हलका आणि पाणी ढकलताना जड असेल तर अडथळा पुढे आहे. आपल्या नौकेवर मैलाटाकी असेल तर टाकीचे डेकवरचे झाकण सावकाश, चेहरा बाजूला ठेवून सैल करावे. फुस्स आवाज होऊन दांडा एकदम हलका झाला तर हवानळी तुंबली आहे. टाकी भरून नौका कलली की मैला हवानळीत शिरतो आणि वाळतो. कधी मिठाचे खडे साचतात, कधी जाळीवर रंग बसलेला असतो. ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही : हवानळी बंद असताना किनाऱ्यावरील शक्तिशाली उपसापंप लावला तर टाकी आतल्या बाजूला चेपली जाऊन तडकू शकते. म्हणून दर वेळी डेक धुताना होजपाइपचे तोंड हवानळीच्या तोंडाला लावून थोडे पाणी आत सोडावे. ही सवय लागली की हवानळी सहसा तुंबत नाही.

झाकण सैल करूनही दांडा जडच राहिला, तर आपल्या तक्रारीचे खरे कारण क्षार आहे, आणि दिवसेंदिवस जड होत गेला या वर्णनावरून माझा अंदाज प्रथमपासून तोच आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. मूत्राशी त्याची गाठ पडली की नळीच्या भिंतीवर कठीण पांढरट थर बसत जातो, बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरातील गीझरमध्ये बसतो तसा. ३८ मिलिमीटर व्यासाची नळी अशा रीतीने बोटभर रुंदीची झालेली अनेकांनी पाहिली आहे. जोकर व्हॉल्व्हवर, म्हणजे पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी बसवलेल्या, टोकाला चीर असलेल्या रबरी तुकड्यावर, हा थर सर्वांत आधी दिसतो. तो व्हॉल्व्ह काढून पाहिला की पुढील नळीची अवस्था कळते.

थर पातळ असेल तर रोज रात्री पाव लिटर पांढरे व्हिनेगर भांड्यात ओतून, ते नळीत पोहोचेल इतकाच पंप मारून सकाळपर्यंत ठेवावे, आठवडाभरात फरक पडतो. थर जाड असेल तर सुमारे १० टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि केबिनच्या सगळ्या खिडक्या उघड्या, एवढी तयारी हवीच. आम्ल पातळ करायचे झाल्यास पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. ते भांड्यात ओतले की फेस येतो. फेस थांबला की दोन हात पंप मारून ते पुढे सरकवावे, पुन्हा थांबावे, असे करत टोकापर्यंत न्यावे आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे. टाकी धातूची असल्यास आम्ल तिच्यात पडू देऊ नये. मूत्रानेच पोलादी टाकीचे सांधे खाल्लेले असतात, त्यात भर नको. आणि नळी निम्म्याहून अधिक भरली असेल तर या खटाटोपात न पडता ती बदलावी. काही जण नळी काढून धक्क्यावर आपटतात. थर खरोखर निघतो, पण जुन्या नळीसाठी इतके कष्ट घ्यावेत असे मला वाटत नाही.

थर पुन्हा बसू नये म्हणून किती पंप मारावेत, याचे उत्तर प्रत्येक नौकेसाठी निराळे आहे, पण ते मोजता येते. ३८ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १.१ लिटर पाणी मावते. भांड्यात मोजून एक लिटर पाणी ओतावे, पंपावरील खटका कोरड्या बाजूला (समुद्राचे पाणी आत येणे थांबते त्या बाजूला) ठेवावा आणि भांडे रिकामे होईपर्यंतचे हात मोजावेत. समजा पाच हात लागले आणि संडासापासून नळीच्या सर्वांत उंच वळशापर्यंत दोन मीटर अंतर आहे. तर मैला त्या वळशापलीकडे जाण्यासाठी निदान अकरा हात हवेत, त्यात दोन-चार अधिक धरावेत. टाकी त्या वळशाच्या खाली असेल तर पुढचे काम उतार करतो. टाकी लवकर भरेल या धास्तीने तीन-चार हातांत आटोपणाऱ्या मंडळींच्या नळ्या सर्वांत आधी भरतात, कारण मूत्र आणि खारे पाणी नेमके नळीतच मुक्काम करते.

प्रश्न (मुंबई) : गेटवेसमोर नांगरून ठेवलेल्या मित्राच्या नौकेवर संडासाच्या भांड्यात आपोआप पाणी चढते. तो म्हणतो की जोकर व्हॉल्व्ह बदलायचा आहे, घाई नाही. मला मात्र भीती वाटते. कोण बरोबर?

उत्तर : हे पाणी कोठून येते हे कळेपर्यंत आपली भीती बरोबर आहे. तपासणी अशी करावी : भांडे कोरडे करावे आणि समुद्राचे पाणी आत आणणारा सी-कॉक बंद करावा. पाणी तरीही हळूहळू, गढूळ आणि थोडेच चढले तर ते बाहेर जाणाऱ्या नळीतले परत फिरलेले पाणी आहे. जोकर व्हॉल्व्ह सैल झाला आहे किंवा त्याच्या चिरेत कागद, केस किंवा क्षार अडकला आहे. हा व्हॉल्व्ह स्वस्त असतो आणि दर हंगामाला बदलावा. सी-कॉक बंद केल्यावर पाणी चढणे थांबले, तर समुद्र थेट भांड्यात येतो आहे, आणि तेव्हा घाई आहे.

शिडाच्या नौकेवरील भांड्याची कड बहुधा जलरेषेच्या खाली असते किंवा नौका कलली की खाली जाते. नळी एकदा पाण्याने भरली आणि पंपातील झडप नीट बसली नाही तर सायफन सुरू होतो, आणि तो आत-बाहेरच्या पाण्याची पातळी एक होईपर्यंत थांबत नाही. १९ मिलिमीटरच्या नळीतून तासाभरात शेकडो लिटर पाणी आत येऊ शकते. मुंबई बंदरातील पाणी गाळाचे आहे. उधाणाच्या भरती-ओहोटीत पातळी ५ मीटरच्या आसपास वर-खाली होते आणि तो सगळा गाळ ढवळत राहतो. पंपाच्या झडपेखाली रेतीचा एक कण किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीची फाटकी पट्टी अडकली तरी ती बसत नाही. येथे पंप उघडून धुण्याचे काम इतर ठिकाणांपेक्षा अधिक वेळा करावे लागते.

सायफन तोडण्यासाठी नळीला उलट्या यू आकाराचा उंच वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात. त्याला व्हेंटेड लूप म्हणतात. तो नौका कितीही कलली तरी जलरेषेच्या वर राहिला पाहिजे. आत येणाऱ्या बाजूला तो सी-कॉक आणि पंप यांच्यामध्ये बसवला तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. म्हणून त्याची योग्य जागा पंप आणि भांडे यांना जोडणाऱ्या आखूड नळीवर असते. ती मूळ आखूड नळी काढून तिच्या जागी वळशापर्यंत जाऊन परत येणारी लांब नळी घालावी लागते आणि ते काम पुष्कळ ठिकाणी टाळलेले आढळते. वळसा असला तरी माथ्यावरील व्हॉल्व्ह मिठाने चिकटलेला असू शकतो. तो दर हंगामाला काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावा.

तोपर्यंत आपल्या मित्राने प्रत्येक वापरानंतर सी-कॉक बंद करावा आणि खटका कोरड्या बाजूला ठेवावा. नौका सोडून किनाऱ्यावर येताना तर दोन्ही सी-कॉक बंद असलेच पाहिजेत, मग यंत्रणा कितीही नवी असो. सी-कॉक तुटल्यास भोकात ठोकता यावा म्हणून प्रत्येक सी-कॉकजवळ मापाचा लाकडी गुट्टा दोरीने बांधून ठेवलेला असावा.

प्रश्न (सिॲटल, अमेरिका) : आमच्या नौकेवर मैला टाकीत किंवा थेट समुद्रात पाठवणारा दोन-मार्गी व्हॉल्व्ह आहे. तो टाकीच्या बाजूला फिरवून ठेवला की कायद्याची पूर्तता होते का? शिवाय, मैल्यावर प्रक्रिया करणारे यंत्र बसवले तर प्युजेट साउंडमध्ये (सिॲटलजवळच्या समुद्राच्या खाडीत) पाणी सोडता येईल असे एक जण म्हणाले.

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास मनाई आहे, आणि प्युजेट साउंड तर या रेषेच्या पुष्कळ आत येते. त्याखेरीज २०१८ पासून संपूर्ण प्युजेट साउंड ‘नो डिस्चार्ज झोन’ आहे, म्हणजे तेथे प्रक्रिया केलेला मैलाही सोडता येत नाही. ऱ्होड आयलंड राज्याने आपले सर्व किनारी पाणी या नियमाखाली १९९८ मध्येच आणले. बेसिन आणि स्वयंपाकघर यांच्या सांडपाण्याला हा नियम लागू नाही.

व्हॉल्व्ह नुसता फिरवलेला असून भागत नाही, तो चुकूनही उघडणार नाही अशा रीतीने बंद केलेला असावा लागतो. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करून त्याचा दांडा काढून ठेवणे, त्याला कुलूप लावणे किंवा कापल्याशिवाय न सुटणारा पट्टा बांधणे, या पद्धती नियमांत दिलेल्या आहेत. पट्टा सर्वांत सोपा. मात्र पट्टा बांधला तरी महिन्यातून एकदा तो कापून व्हॉल्व्ह फिरवावा आणि नवा बांधावा, नाहीतर क्षाराने व्हॉल्व्ह जागीच आवळून बसतो. खोल समुद्रात गेल्यावर समुद्राकडचा मार्ग निवडून सी-कॉक उघडायला विसरणे आणि तसाच पंप मारणे ही चूकही अनेकांच्या हातून होते. दाबाने नळी जोडातून सुटते आणि पुढचे वर्णन येथे करण्याची आवश्यकता नाही. सी-कॉक आधी, व्हॉल्व्ह नंतर आणि पंप शेवटी, असा क्रम संडासाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रश्न (दुबई) : टाकी उपसणारा विजेचा मॅसरेटर (मैला बारीक करणारा) पंप बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो, फिरत नाही.

उत्तर : काही आठवडे न वापरलेल्या मॅसरेटरमधील रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, पंपाच्या घराला चिकटतो. प्रथम वीज बंद करावी. पुष्कळ मॉडेलांत मोटरच्या मागच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरने शाफ्ट फिरवण्यासाठी खाच असते; तेथून दोन-तीन फेरे दिले की तो सुटतो. तरीही फिरला नाही तर बटण दाबलेले असताना मोटरच्या टोकांशी व्होल्टमीटर लावावा. १२ व्होल्टचा हा पंप १५ ते २० अँपिअर प्रवाह ओढतो. तार बारीक किंवा जोड गंजलेला असेल तर मोटरपर्यंत ९-१० व्होल्टच पोहोचतात आणि ती गुणगुणत राहते. टाकी रिकामी झाल्याचा आवाज बदलताच पंप बंद करावा. कोरडा फिरलेला इम्पेलर मिनिटभरातही जळतो.

प्रश्न (टोरांटो आणि पणजी) : दोन वाचकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या कारणाने विचारला आहे : हिवाळ्यासाठी आणि पावसाळ्यासाठी नौका बाहेर काढून ठेवताना संडासाचे काय करावे?

उत्तर : आरंभ दोन्हीकडे सारखाच आहे. टाकी उपसून घ्यावी, तिच्यात वीसएक लिटर गोडे पाणी घालावे, पुन्हा उपसावे आणि बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. नळी आणि पंप गोड्या पाण्याने धुवावेत. त्यानंतर मार्ग वेगळे होतात.

टोरांटोच्या वाचकांनी पाणी शिल्लक राहील तेथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणांसाठी विकले जाणारे बिनविषारी अँटिफ्रीझ भरावे. ते बादलीतून आत येणाऱ्या नळीने ओढून, भांड्यातून पंपात, पुढे टाकीत आणि तेथून बाहेर जाणाऱ्या नळीत रंग दिसेपर्यंत न्यावे. भांड्यात नुसते ओतल्याने पंपाच्या वरच्या बाजूचे पाणी तसेच राहते आणि गोठून पंपाचे घर तडकते. मोटारीचे एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते वापरू नये. अल्कोहोल असलेले अँटिफ्रीझ रबर कडक करते.

पणजीत गोठण्याचा प्रश्न नाही, तेथे शत्रू ओल आणि कीटक हे आहेत. पाणी भरून ठेवण्याऐवजी सगळे काढून टाकावे : जमिनीवर आल्यावर दोन्ही सी-कॉक उघडावेत, नळ्यांच्या सखल जागा मोकळ्या कराव्यात, पंप उघडून पुसावा आणि रबराला सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा जोडावा. भांड्याचे झाकण व आतील कपाटे उघडी ठेवावीत. हवानळीच्या आणि सी-कॉकच्या बाहेरील तोंडांवर बारीक जाळी बांधावी, कारण कुंभारीण माशीला अशी भोके फार आवडतात आणि तिचे मातीचे घर हवानळीत वाळले की ऑक्टोबरमध्ये टाकी उपसतानाच त्याचा पत्ता लागतो. जाळीऐवजी चिकटपट्टीने भोक पूर्ण बंद केले तर आत बुरशी येते. डेकवरील झाकणाची ओ-रिंगही पावसापूर्वीच बदलावी. ती सुकलेली असेल तर चार महिन्यांचा पाऊस टाकीत उतरतो आणि काठोकाठ भरतो.

प्रश्न (रत्नागिरी) : मुंबईहून कोचीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचा बेत आहे. संडासासाठी सोबत काय घ्यावे? आणि कागद कोणता?

उत्तर : आपल्या मॉडेलचा पंप-दुरुस्तीचा पूर्ण संच, शिवाय दोन सुटे जोकर व्हॉल्व्ह, ३१६ दर्जाच्या पोलादाचे सहा-आठ क्लॅम्प, मीटरभर नळी, ग्रीसची ट्यूब, व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणि रबरी मोज्यांचे खोके. संच घेताना मॉडेलचे नाव आणि क्रमांक पंपावरून उतरवून घ्यावा. दिसायला सारखे वॉशर एकमेकांत बसत नाहीत. कागद काचेच्या बरणीत पाण्यासह हलवून पाहावा. काही झटक्यांत त्याचे तंतू सुटले तर तो चालेल, लगदा तसाच राहिला तर कागद वेगळ्या पिशवीत गोळा करावा. ओली पुसणी (वेट वाइप्स) आणि सॅनिटरी पॅड कधीही भांड्यात टाकू नयेत, हे सर्व प्रवाशांना निघण्यापूर्वी तोंडी सांगावे. लाजेखातर न सांगितलेली ही एक गोष्ट भर समुद्रात पंप उघडायला लावते. झाकणाची एक मजबूत बादलीही घ्यावी. पंप उघडलेला असताना तीच उपयोगी पडते.